गाळायचं १८० लिटर, सोडायचं दीड लिटर

‘किडनी दुखतेय’ म्हणत माणूस हात ठेवतो तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी. पट्टा बांधतो त्या कमरेत मूत्रपिंड नसतं. ते त्याहून बरंच वर, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आडोशाला, कण्याच्या दोन्ही अंगांना असतं. उजवं डाव्यापेक्षा थोडं खाली, कारण त्याच्या डोक्यावर यकृत बसलेलं आहे. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, रुंदी ५-६, जाडी ३, वजन १५० ग्रॅमच्या आसपास. आतड्यांच्या गर्दीत ते नाही. पोटाच्या पडद्यामागे, चरबीच्या गादीत निवांत पडलेलं आहे. वाकल्यावर किंवा घागर उचलल्यावर वाढणारी कळ त्यामुळे बहुधा स्नायूची नाहीतर मणक्याची असते. मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्याला दुखणं जवळजवळ कळतच नाही. वरचं आवरण ताणलं गेलं किंवा खाली नळीत खडा अडकला, तरच ते ओरडतं. मधुमेहाने वर्षानुवर्षं झिजणारं मूत्रपिंड अवाक्षर काढत नाही, हीच त्यातली मोठी अडचण.

शाळेच्या पुस्तकात शरीराच्या संस्था वेगवेगळ्या धड्यांत वाटलेल्या असतात. पचन, श्वसन, रक्ताभिसरण, आणि मग उरल्यासुरल्या पानांवर उत्सर्जन. घेवड्याच्या दाण्यासारखी दोन चित्रं, खाली दोन नळ्या, एक पिशवी, संपलं. या मांडणीने एक गैरसमज पक्का केला आहे: मूत्रपिंड म्हणजे घरामागचं गटार. खरं तर रक्तदाब, रक्तातलं हिमोग्लोबिन, हाडांतलं कॅल्शियम, हृदयाचा ठोका आणि श्वासाची गती या सगळ्यांच्या हिशेबाची वही याच दोन दाण्यांकडे आहे.

आधी आकडे बघू. हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. त्यातलं लिटरभर, म्हणजे पाचवा हिस्सा, एकट्या मूत्रपिंडांकडे जातं. दोघांचं मिळून वजन शरीराच्या अर्धा टक्का, आणि वाटा वीस टक्के. हे लाड त्यांच्या स्वतःच्या भुकेपोटी नाहीत. रक्त तिथे कामासाठी पाठवलेलं असतं.

प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या, असतात. माणसामाणसांत हा आकडा बराच बदलतो. गर्भात साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत जेवढे तयार झाले तेवढेच जन्मभर पुरवायचे, नंतर नवा एकही बनत नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा फार कमी वजनाचं बाळ ही शिदोरी कमी घेऊन येतं आणि पुढे त्याला रक्तदाबाचा धोका जास्त असतो, तो याचमुळे.

नेफ्रॉनच्या तोंडाशी बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता असतो. मार्चेल्लो माल्पीगी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १६६६ साली त्याचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शक तेव्हा नुकता कुठे हाती आला होता. या गुंत्यात रक्त आणणारी धमनी एक आणि बाहेर नेणारीही धमनीच. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या पुढे शीर असते. इथे दोन्ही टोकांना आवळता-सैल करता येणारे नळ आहेत. येणारा नळ सैल आणि जाणारा आवळलेला असला की मधल्या गुंत्यात दाब चढतो आणि पाणी भिंतीतून बाहेर फेकलं जातं. हे दोन नळ लक्षात ठेवा. मूत्रपिंडाच्या निम्म्या औषधांची आणि निम्म्या अपघातांची गोष्ट त्यांच्यातच आहे.

भिंत तीन पदरी आहे. आत छिद्रांची पातळ चादर, मध्ये जाळीदार पडदा, बाहेर एकमेकांत बोटं गुंतवून बसलेल्या पेशी. पाणी, मीठ, साखर, युरिया सहज पार होतात. रक्तपेशी अडतात, आणि अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिनही जवळजवळ पूर्ण अडतं. एक तर ते मोठं आहे, शिवाय त्यावर आणि भिंतीवर सारखाच ऋणभार असल्याने भिंत त्याला दूर ढकलते. लघवीत अल्ब्युमिन दिसू लागलं, तर भिंत झिजायला लागली असा त्याचा अर्थ.

या गाळणीतून मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर पाणी उतरतं. दिवसाचे झाले १८० लिटर. अंगात रक्तद्रव आहे जेमतेम ३ लिटर, म्हणजे तोच रक्तद्रव दिवसातून साठ वेळा, दर चोवीस मिनिटांनी एकदा, गाळून निघतो. आणि लघवी होते दीड लिटर.

उरलेले एकशे साडेअठ्ठ्याहत्तर लिटर गेले कुठे? परत घेतले. ‘गाळणी’ हा शब्द इथेच फसवा ठरतो. चहाच्या गाळणीत नको तो चोथा वर राहतो आणि हवा तो चहा खाली उतरतो. मूत्रपिंड हवं-नको सगळंच खाली ओततं आणि मग पुढच्या नळीत बसून हवं ते एकेक उचलून घेतं. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचं सगळं सामान अंगणात काढायचं, कामाचं तेवढं पुन्हा वर चढवायचं, उरलं ते भंगारवाल्याला, तसं. फक्त हे चोवीस मिनिटांनी एकदा.

पद्धत खर्चिक आहे, पण तिच्यात एक शहाणपण आहे. जगात विषारी पदार्थ किती आणि उद्या कोणता नवा पोटात जाईल, याची यादी करत बसावं लागत नाही. आपल्या कामाच्या गोष्टी मोजक्या आहेत, त्यांचीच यादी पुरते. यादीत नाव नसलेलं आपोआप बाहेर.

एका दिवसात किती सामान उतरवलं जातं ते पाहा. रक्तातली साखर दर १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम धरली तर १८० लिटरमध्ये १८० ग्रॅम साखर. मीठ जवळपास दीड किलो! आपण दिवसाला खातो ते दहा ग्रॅमच्या आगेमागे (जागतिक आरोग्य संघटना पाचच्या आत राहा म्हणते). दीड किलोच्या हिशेबात एक टक्का चूक झाली तरी पंधरा ग्रॅमचा घोटाळा. म्हणून मीठ परत घेण्याचं काम एका जागी न उरकता चार टप्प्यांत, दर टप्प्याला जास्त बारकाईने होतं.

पहिल्या वळणदार नळीत दोन तृतीयांश पाणी आणि मीठ ठोकभावात परत येतं. साखर तर सगळीच. ती उचलणारे वाहक ठरावीक संख्येचे असतात. रक्तातली साखर १८०च्या आसपास गेली की ते अपुरे पडू लागतात आणि उरलेली साखर लघवीत उतरते. साखर आपल्याबरोबर पाणी खेचते, म्हणून लघवी वाढते, म्हणून तहान वाढते, म्हणून रात्री तीनदा उठणं. मधुमेहाची ही जुनी खूण याच नळीतून येते.

इथे एक गंमत आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली एक कडू पदार्थ वेगळा केला गेला, फ्लोरिझिन. त्याने लघवीत साखर उतरते हे पुढे लक्षात आलं, पण तेव्हा त्याचा मधुमेहावरचं औषध म्हणून उपयोग कुणाला सुचला नाही. दीडशेहून जास्त वर्षांनी त्याच कल्पनेवरून डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं आली. ती साखरेचे वाहक अडवतात. साखर उतरवण्यासाठी बनवलेल्या या गोळ्या मूत्रपिंडाची झीज मंदावतात आणि हृदय थकलेल्यांनाही उपयोगी पडतात, असं मोठ्या चाचण्यांत दिसलं. या गोळ्यांवर असलेल्याच्या लघवीच्या तपासणीत साखर ‘+++’ येणारच, घाबरून जेवण सोडू नये. मात्र गुप्तांगाची स्वच्छता पाळावी, कारण त्या साखरेवर बुरशी फोफावते.

पुढची नळी खोल खाली जाऊन केसाच्या पिनेसारखी वळते आणि वर येते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ याकोब हेन्ले याचं नाव तिला आहे. तिचं काम आजूबाजूचा प्रदेश खारट करण्याचं. रक्ताचा खारटपणा २९० मोजला, तर मूत्रपिंडाच्या खोल गाभ्यात तो १२०० पर्यंत चढतो. लॅसिक्स नावाने घरोघरी माहीत असलेली फ्युरोसेमाइड गोळी इथेच मिठाचा पंप बंद पाडते. गाभा खारट राहत नाही, पाणी परत खेचलं जात नाही, तासाभरात बाथरूमच्या फेऱ्या सुरू. ही गोळी सकाळी का देतात, ते यावरून कळेल.

शेवटची नळी याच खारट प्रदेशातून खाली उतरते. तिच्या भिंती पाण्यासाठी उघडायच्या की बंद ठेवायच्या, ते मेंदूत ठरतं. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी घट्ट झालं, तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना कळतं आणि पीयूषिका ग्रंथीतून पाणी राखणारं संप्रेरक सुटतं. भिंतीतली दारं उघडतात, खारट गाभा पाणी शोषून घेतो, लघवी गडद होते. भरपूर पाणी प्यायलं की संप्रेरक थांबतं आणि लघवी पाण्यासारखी. दारू हेच संप्रेरक दाबते. रात्रभर पेयं रिचवूनही सकाळी घशाला कोरड पडते ती त्यामुळे.

आता ‘दिवसाला किती पाणी प्यावं’ या सनातन प्रश्नाचा हिशेब करता येतो. रोज साधारण ६०० एकक टाकाऊ क्षार आणि युरिया बाहेर टाकायचा असतो. मूत्रपिंड लघवी जास्तीत जास्त लिटरला १२०० एककांपर्यंत घट्ट करू शकतं. म्हणजे निदान अर्धा लिटर लघवी व्हायलाच हवी. दिवसभरात ४०० मिलिलिटरच्या खाली गेली तर कचरा अंगातच राहतो. याच्यावर किती पाणी लागेल ते घामावर अवलंबून. मे महिन्यात अकोल्याला शेतात राबणारा माणूस आणि वातानुकूलित कचेरीत बसणारा माणूस या दोघांना ‘आठ ग्लास’ हे एकच उत्तर देणं मला तरी हास्यास्पद वाटतं. निरोगी माणसाने लघवीचा रंग पाहावा: फिकट पिवळा, गवताच्या काडीसारखा, असला की पुरे. सकाळची पहिली गडद असतेच, ती धरू नये. बीट खाल्ल्यावरची लाल आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनंतरची हळदी लघवीही धरू नये. आणि ‘शुद्धी’साठी रोज सहा-सात लिटर पिण्याने मूत्रपिंड अधिक स्वच्छ होत नाही. तासाला लिटरच्या वर पाणी ते बाहेर टाकू शकत नाही; त्याहून भराभर प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते.

जुलाब-उलटीत मात्र नुसतं पाणी पुरत नाही. मूत्रपिंडातला साखरेचा वाहक आठवा; साखर उचलताना तो सोडियमही सोबत उचलतो. त्याचा सख्खा भाऊ लहान आतड्यात असतो आणि जुलाबातही तो काम करत राहतो. जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, त्याच्याच जिवावर चालते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो माणसं सांभाळली. आजच्या प्रमाणित पाकिटात लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. घरी करायचं तर उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा छोटा, चहाचा. सर्रास होणारी चूक म्हणजे लिटरचं पाकीट एका पेल्यात ढवळणं. त्या घट्ट द्रावणाने पाणी अंगातून उलटं आतड्यात खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. बाळाला दिलं तर सोडियम धोकादायक चढू शकतं. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचं.

रक्तदाबाकडे वळू. गुंत्याच्या शेजारीच काही पेशी येणाऱ्या रक्ताचा जोर आणि नळीतल्या मिठाची चव सतत घेत असतात. जोर कमी पडला की रेनिन सोडतात. मग एक साखळी सुरू होते: यकृताने बनवलेल्या प्रथिनाचा रेनिन तुकडा पाडतं, तो तुकडा मुख्यतः फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत आणखी कापला जातो, त्यातून अँजिओटेन्सिन बनतं. ते अंगभरच्या रक्तवाहिन्या आवळतं, तहान लावतं, आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन शेवटच्या टप्प्यावरचं मीठ राखतं. मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस, मेंदू, ग्रंथी: पुस्तकातले पाच धडे एका कामावर. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेल्या (रामिप्रिल, एनालाप्रिल) आणि ‘सार्टन’ असलेल्या (टेल्मिसार्टन, लोसार्टन) गोळ्या ही साखळी तोडतात. गुंत्याचा जाणारा नळ त्यांनी सैल होतो, आतला दाब उतरतो, भिंत कमी झिजते. सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा एक कचरा) थोडं चढतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर चालवून घेतात, आणि दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा तपासतात. ही तपासणी टाळू नये.

आता अपघात. येणारा नळ सैल ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं करतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या त्यांचं उत्पादन थांबवतात. धडधाकट, पाणी भरपूर असलेल्या माणसाला दोन दिवसांत फरक पडत नाही. पण समजा, सत्तरीच्या आजोबांना रक्तदाबासाठी ‘सार्टन’ची गोळी चालू आहे, पायाच्या सुजेसाठी लघवीची गोळी चालू आहे, त्यात उन्हाळ्यात जुलाब झाले आणि गुडघा दुखतो म्हणून दुकानातून चार गोळ्या आणल्या. लघवीच्या गोळीने आणि जुलाबांनी पाणी घटवलं, ‘सार्टन’ने जाणारा नळ सैल केला, वेदनाशामकाने येणारा आवळला. गुंत्यात दाबच उरला नाही. गळणं थांबलं. एकटं यातलं कुठलंच औषध वाईट नव्हतं. जुलाब-उलटीच्या दिवसांत लघवीच्या, ‘प्रिल-सार्टन’च्या, ‘ग्लिफ्लोझिन’च्या आणि मेटफॉर्मिनच्या गोळ्यांचं काय करायचं, हे आपण बरे असतानाच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवावं. तापाला, अंगदुखीला ठरल्या मात्रेतलं पॅरासिटामॉल मूत्रपिंडाच्या दृष्टीने बरं.

डायक्लोफेनॅकच्या ताकदीचा पुरावा आकाशात होता. गुरांना हे औषध टोचलं जाई. ती मेली की गिधाडं खात. गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडत आणि यूरिक आम्लाचा पांढरा थर त्यांच्या हृदय-यकृतावर साचलेला सापडे. २००४ साली हे कारण सिद्ध झालं, २००६ साली भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तोवर भारतातली बहुतेक गिधाडं संपली होती.

तपासणीचा कागद हातात येतो तेव्हा लोक क्रिएटिनिनच्या आकड्यासमोर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा पाहतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा आहे. स्नायू जास्त, कचरा जास्त. दोघांचं क्रिएटिनिन १.१ आलं असं धरा. पंचविशीतल्या तरुणाच्या बाबतीत आज वापरात असलेल्या २०२१च्या सूत्राने गाळण्याचा वेग निघतो ९५च्या आसपास. पंचाहत्तरीच्या आजीबाईंच्या बाबतीत तोच निघतो ५२. कागदावर दोन्ही ठिकाणी आकडा एकच, पण आजींचं मूत्रपिंड निम्म्या वेगाने चाललंय, आणि प्रतिजैविकाचा डोस ठरवताना ते माहीत असायला हवं. म्हणून क्रिएटिनिनशेजारी ‘ईजीएफआर’, म्हणजे हाच गाळण्याचा वेग, छापलेला असेल तो पाहावा. नसेल तर विचारावा. ६०च्या खाली तीन महिने राहिला तर त्याला जुनाट मूत्रपिंड विकार म्हणतात. १५च्या खाली शेवटचा टप्पा. तपासणीच्या आदल्या रात्री मटणावर ताव मारला, किंवा जिममधली क्रिएटिनची पावडर चालू असली, तर आकडा उगाच चढतो.

माझ्या मते मात्र क्रिएटिनिनपेक्षा मोलाची तपासणी लघवीची आहे, आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. सकाळच्या पहिल्या लघवीचा नमुना. ३०च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे भिंत झिरपू लागली, त्यावर म्हणजे चांगलीच झिजली. मधुमेहात क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी वर्षं आधी हा आकडा हलतो, आणि त्या काळात उपचारांना सर्वांत जास्त वाव असतो. प्रौढ वयातला मधुमेह असेल तर निदान झाल्यापासून दरवर्षी करावी. ताप, पाळी, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीचा कडक व्यायाम यांनी ती खोटी चढते, म्हणून एकदा जास्त आली तर तीन महिन्यांत पुन्हा करून दोनदा जास्त आली तरच खरी मानतात.

मूत्रपिंड थकलं की रक्त कमी का होतं? ते एरिथ्रोपोएटिन बनवतं, आणि त्याच्या हुकमाशिवाय हाडांच्या मगजात तांबड्या पेशी पुरेशा तयार होत नाहीत. हिमोग्लोबिन आठ-नऊवर रेंगाळतं आणि लोहाच्या नुसत्या गोळ्यांनी वर येत नाही. हाडं ठिसूळ का होतात? ऊन लागून कातडीत बनलेलं ड जीवनसत्त्व यकृतात अर्धं आणि मूत्रपिंडात पूर्ण तयार होतं. शेवटचा हात फिरला नाही तर आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. दम का लागतो? कारण अन्नातून रोज तयार होणारं आम्ल फुप्फुसातून उडून जात नाही, ते मूत्रपिंडानेच टाकायचं असतं. ते साचलं की फुप्फुसं कर्बवायू जास्त टाकून रक्त ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात ठेवायला धडपडतात, आणि श्वास खोल, जलद होतो. काही वेळा जोडीला सूजही असते, पण दम्याची म्हणून औषधं घेत राहिलेल्या माणसाचं क्रिएटिनिन एकदा तरी बघावं.

पोटॅशियमचं वेगळं सांगायला हवं, कारण ते घाईचं आहे. रक्तात ते ३.५ ते ५. साडेसहाच्या वर हृदयाचा ठोका कधीही बिघडू शकतो, आणि आधी लक्षण दिसेलच असं नाही. मूत्रपिंड बरं आहे त्याला नारळपाणी उत्तम. ते थकलेल्याला मात्र तेच नारळपाणी, केळी, सुकामेवा घातक ठरू शकतो, आणि ‘लो सोडियम’ म्हणून विकलं जाणारं मीठ तर हमखास. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून दिलं की पोटॅशियम बरंच कमी होतं. कमरख, म्हणजे गोव्याकडचं करमल, हे आंबट चांदणीफळ मूत्रपिंडाच्या रुग्णाने एकही खाऊ नये: त्यातलं विष मेंदूवर जातं, न थांबणारी उचकी आणि झटके येतात. एक उलटी बाजूही आहे. रक्त घेताना मूठ फार वेळ आवळली किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटंच जास्त येतं. अनपेक्षित आकडा आला की पुन्हा नमुना द्यावा, पण त्याच दिवशी.

खाली उतरताना फार रेंगाळायला नको. मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब, तीन-चार मिलिमीटर रुंद. तीन जागी ती चिंचोळी होते, आणि मुतखडा अडतो तो तिथेच. पाच मिलिमीटरच्या आतला बहुतेक वेळा आपोआप पडतो. कळ कुशीतून जांघेकडे उतरते आणि माणूस एका जागी पडून राहू शकत नाही. कमरेच्या उसणीत तो हलायला घाबरतो, हा फरक ओळखू येण्यासारखा आहे. खड्याबरोबर थंडी-ताप आला तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नये, अडलेल्या नळीवर पू साचला की रात्रीत जिवावर बेतू शकतं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, म्हणून लोक दूध-दही सोडतात. नेमकं उलटं. जेवणातलं कॅल्शियम पालक-अळूतल्या ऑक्झलेटला आतड्यातच पकडतं आणि शौचावाटे नेतं. दूध बंद केलं की ऑक्झलेट मोकळं सुटून लघवीत येतं. कमी करायचं ते मीठ. आणि पाणी इतकं, की लघवी दोन-अडीच लिटर होईल. लिंबातलं सायट्रेट उपयोगी पडतं.

मूत्राशय १५०-२०० मिलिलिटरला पहिली आठवण करून देतं, चारशे-पाचशेला हट्टाला पेटतं. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषांचा २०च्या आसपास. ‘उन्हाळी लागणं’ स्त्रियांत जास्त, त्याचं मुख्य कारण हे अंतर. उष्ण पदार्थ नव्हेत. त्यात एसटीच्या लांब प्रवासात स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणीच न पिणं, आलेली लघवी तासन्‌तास दाबणं. जळजळ झाली की कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, नमुना प्रतिजैविक सुरू करण्याआधी द्यायचा. जागा धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार निर्जंतुक बाटलीत. दोन तासांत प्रयोगशाळेत, नाहीतर फ्रिजमध्ये. खिडकीत ठेवलेल्या बाटलीत बाहेरचे जंतू वाढतात आणि भलतंच प्रतिजैविक गळ्यात पडतं.

दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले की डायलिसिस. पहिलं चालणारं यंत्र विलेम कोल्फ यांनी १९४३मध्ये, युद्धात सापडलेल्या नेदरलँड्समध्ये, सॉसेजच्या सेलोफेन आवरणातून रक्त फिरवून केलं. आजचं यंत्र आठवड्याला तीनदा, दर वेळी चार तास चालतं. १६८ तासांचं काम बारा तासांत. ते युरिया, पोटॅशियम, पाणी काढतं. परत निवडून घेण्याचं कसब त्याला नाही, एरिथ्रोपोएटिन त्याला बनवता येत नाही. ते इंजेक्शनने द्यावं लागतं.

प्रत्यारोपणात नवं मूत्रपिंड जुन्याच्या जागी बसवत नाहीत. तिथे पोचणं अवघड असतं, आणि जुनी मूत्रपिंडं बहुधा काढतही नाहीत. नवं ओटीपोटात, जांघेच्या वरच्या खोबणीत ठेवतात, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडतात, मूत्रवाहिनी मूत्राशयात रोवतात. नसा जोडतच नाहीत, तरी जिवंत दात्याचं मूत्रपिंड पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लघवी करू लागतं. अशा माणसाच्या अंगात तीन मूत्रपिंडं असतात, आणि ‘किडनी कुठे आहे’ असं विचारल्यावर त्याने कमरेच्या पुढे, खाली हात ठेवला तर तो बरोबर असतो.